मावशींचे खाडे कापायचे का?

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. तीन वर्षांच्या मुलाला सांभाळायला दिव्याहून मावशी येतात. पगार महिना 18,000, रविवारी सुट्टी, लेखी काही नाही. मध्यंतरी मुलाला कांजिण्या आल्या. डॉक्टरांनी सोमवारीच तशी शंका बोलून दाखवली होती, पण माझं ऑडिट चालू होतं, म्हणून मावशींना बुधवारी रात्री सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, 'आठ दिवस येऊ नका, पगाराचं बघू.' त्या परत आल्या आणि पाच-सहा दिवसांत त्यांनाच कांजिण्या झाल्या. बारा दिवस घरी होत्या. यजमान म्हणतात, वीस खाडे झाले, वीस दिवसांचे पैसे कापायचे. मावशी म्हणतात, मी संघटनेत जाईन. कायदा कोणाच्या बाजूने आहे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, बुधवारची गोष्ट तुम्ही लपवली नाहीत, त्यामुळे मलाही मोकळेपणाने लिहिता येईल. सगळ्यात आधी हे वीस दिवस एका हिशेबात धरू नका. आठ आणि बारा वेगळे आहेत.

पहिले आठ दिवस खाडे नाहीतच. खाडा म्हणजे बाई आली नाही. इथे बाई यायला तयार होती, 'येऊ नका' असं तुम्ही सांगितलंत. तोंडी ठरलेली नोकरीसुद्धा करारच असते. एक पक्ष काम करायला तयार असताना दुसऱ्यानेच त्याला अडवलं, तर अडवणाऱ्याने नुकसान भरून द्यायचं, असं भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 53 सांगतं. 'काम नाही तर दाम नाही' हे यजमानांचं म्हणणं इथे लागू पडत नाही. शिवाय तुमचा तो मेसेज मावशींच्या मोबाइलमध्ये आहे. 'पगाराचं बघू' याचा अर्थ 'देणार नाही' असा कोर्ट लावेल, असं मला वाटत नाही. रोज दिवा स्टेशनवर लोकल पकडणाऱ्या बाईने रात्री तो मेसेज वाचला आणि पगार मिळेल या भरवशावर दुसरीकडे काम शोधलं नाही, एवढं सांगितलं तरी तिची बाजू उभी राहते. हे आठ दिवस पूर्ण पगारी.

आता बारा दिवस. इथे कायद्यात खरोखरच पोकळी आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे, पण तो ठरावीक संख्येने कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. तुमचं घर त्यात येत नाही. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा 2008 चा कायदा मंडळ आणि कल्याणाच्या योजना देतो, रजा देत नाही. घरकामगारांसाठी वेगळी कायदेशीर चौकट हवी का, हे पाहण्यासाठी समिती नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये केंद्राला सांगितलं ते याचमुळे. तेव्हा आजारपणाची पगारी रजा द्याच, असं बोट ठेवून दाखवता येईल असं कलम आज मी तुम्हाला देऊ शकत नाही. मग पाहायचं ते तुमच्या घरचा रिवाज. याआधी मावशींना ताप आला तेव्हा दोन-तीन दिवसांचे पैसे कापले होते का? कापले नसतील तर तीच तुमची अट झाली, लिहिलेली नसली तरी.

पण रिवाज बाजूला ठेवला तरी मंगळवार-बुधवारचे ते दोन दिवस उरतात. कांजिण्या पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरतात, आणि लागण झाल्यावर साधारण 10 ते 21 दिवसांनी बाहेर पडतात. मावशींच्या तारखा यात चपखल बसतात. सोमवारी शंका कळल्यावर मंगळवारी-बुधवारी त्यांनी मुलाला कडेवर घेतलं, भरवलं, अंघोळ घातली. तुम्हाला कांजिण्या होऊन गेल्यात का, एवढंही त्यांना कोणी विचारलं नाही. याला कायद्यात निष्काळजीपणा म्हणतात आणि त्यासाठी नुकसानभरपाई मागता येते. लागण लोकलच्या गर्दीतही झाली असेल, असा बचाव वकील करतील. मला तो करायला आवडणार नाही. माझा सल्ला : बारा दिवसही पूर्ण भरा आणि औषधांचा खर्चही द्या. खात्री हवी असेल तर पालिकेच्या दवाखान्यातला केसपेपर पाहायला मागा, तेवढा पुरे.

यजमानांच्या हिशेबातली एक चूकही सांगते, कारण ती घरोघरी होते. 18,000 ला 26 ने भागून वीस दिवस कापले की 13,846 होतात. पण त्या वीस दिवसांत रविवारही आहेत. 26 ने भागायचं असेल तर फक्त कामाचे दिवस मोजा. रविवार मोजायचे असतील तर 30 ने भागा, म्हणजे 12,000. कापायचंच नाही, तरी पुढच्यासाठी ठेवा.

मावशी कुठे जातील? घरगुती सेवा ही औद्योगिक संबंध संहितेतल्या, म्हणजे मालक-कामगार वादांच्या कायद्यातल्या, 'उद्योगा'च्या व्याख्येतून वगळलेली आहे, त्यामुळे तो रस्ता त्यांना अवघड. दिवाणी दाव्याला मात्र तीन वर्षांची मुदत असते, आणि 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. संघटना त्यांना हेच सांगेल. तो त्यांचा हक्क आहे, धमकी समजू नका.

नंतर एका कागदावर चार ओळी मराठीत लिहून दोघींनी सह्या करा : घरात कोणी आजारी म्हणून सुट्टी दिली तर पूर्ण पगार, मावशींच्या आजारपणाचे वर्षाला निदान बारा दिवस पगारी, संसर्गाची शंका आली की त्याच दिवशी फोन, दोन्हीकडून. मावशींचं वय 18 ते 60 मध्ये असेल तर कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी त्या तुमच्याकडे काम करतात असा दाखलाही द्या.

पैसे आजच पाठवा. जीपेवर पाठवताना खाली 'मदत' लिहू नका, 'पगार' लिहा.