वाचकांचे प्रश्न : तळणीच्या तेलाचा साबण का जमला नाही?

प्रश्न : दिवाळीचा फराळ झाल्यावर कढईत साधारण एक लिटर करडईचे तेल उरले. ते टाकवेना, म्हणून शेजारच्या वहिनींनी सांगितल्याप्रमाणे वाटीभर धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून त्यात घातला आणि दोन तास ढवळले. आज आठ दिवस झाले तरी वर तेल तरंगते आहे आणि खाली पांढरट पाणी साचले आहे. ढवळणे कमी पडले का? हे तेल आता वाया गेले का?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : ढवळण्यात आपण कसूर केलेली नाही, चुकला तो सोडा. आपल्याकडे खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा या तिन्ही पदार्थांना बोलताना नुसते ‘सोडा’ म्हणतात, आणि घरगुती साबणाचे निम्मे प्रयोग तिथेच फसतात. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. ही जोड तोडून मेदाम्लांचा साबण करायचा तर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा, हा तीव्र अल्कली लागतो. धुण्याचा सोडा त्या मानाने सौम्य असल्यामुळे तळताना तेलातून जी थोडी मेदाम्ले आधीच सुटी झालेली असतात, तेवढ्यांचाच तो साबण करतो. आपल्याला खाली दिसणारे पांढरट पाणी बहुधा त्याचेच आहे.

तेल मात्र वाया गेलेले नाही. वरचे तेल अलगद काढून घ्यावे, मीठ घातलेल्या गरम पाण्यात ते चांगले हलवून रात्रभर स्थिर ठेवावे आणि सकाळी पुन्हा वरचे तेल काढून सुती कापडातून गाळावे. नव्याने तळणीचे तेल वापरतानाही हे करावे, कारण चकलीचा चुरा आणि जळके कण तळाशी बसतात व वासही थोडा उतरतो.

त्यानंतर तराजू काढावा. वाटीच्या मापाने साबण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 800 ग्रॅम करडईच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलात 200 ग्रॅम खोबरेल मिसळले, तर त्या सगळ्याचा साबण होण्यासाठी सुमारे 144 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तो पाच टक्के कमी, म्हणजे 137 ग्रॅम घ्यावा, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहील पण सोडा राहणार नाही. पाणी 300 ग्रॅम पुरते. इथे एक बारीकशी खोच आहे : एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, ते जेमतेम 915 ग्रॅम भरते. लिटरच्या मापाने तेल घेऊन त्यात किलोच्या हिशोबाचा सोडा घातला, तर चार-पाच ग्रॅम सोडा साबणात तसाच उरतो आणि हातांची आग होते.

खोबरेल का, असेही आपण विचाराल. करडई आणि सूर्यफूल यांच्या तेलाचा साबण मऊ राहतो, पाण्यात लवकर विरघळतो आणि फेसही बेताचा देतो. खोबरेलाने वडीला कठीणपणा येतो.

कॉस्टिक सोडा हाताळताना हयगय चालत नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा, खिडकी उघडी ठेवावी, मुलांना दूर ठेवावे. सोडा पाण्यात घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण निर्माण होणाऱ्या उष्णतेने ते उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचेच हवे. जर्मनचे पातेले अजिबात नको. ॲल्युमिनियमवर सोड्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि भांडेही खाल्ले जाते. नाली मोकळी करण्याची पूड स्वस्त मिळते म्हणून वापरू नये, तिच्यात इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात. कातडीवर थेंब उडालाच, तर व्हिनेगर शोधत न बसता वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे धुवावे.

द्रावण आणि तेल दोन्ही कोमट झाल्यावर द्रावण तेलात बारीक धारेने सोडत ढवळत राहावे. मिश्रण भज्यांच्या पिठासारखे दाट झाले आणि वरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर उठून दिसू लागली, की साच्यात ओतावे. एक-दोन दिवसांनी वड्या पाडून हवेशीर जागी चार ते सहा आठवडे ठेवाव्यात. सोलापूरच्या कोरड्या हवेत त्या लवकर खुटखुटीत होतात खऱ्या, पण तेवढ्यावरून साबण तयार झाला असे समजू नये.

हा साबण मी कपडे, फरशी आणि भांडी यांच्यासाठीच सुचवीन. तळणीच्या तेलाचा वास आणि रंग पूर्ण जात नाही, शिवाय असे तेल खवट लवकर होते, त्यामुळे अंगाला तो नको. सुती चादरी आणि टॉवेल त्याने उत्तम निघतात. रेशमी साडीला मात्र लावू नये, अल्कलीने रेशीम खराब होते. बोअरचे पाणी दुष्फेन असेल, तर त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून फेसाऐवजी पांढरा साका धरतात. अशा वेळी बादलीत आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवावा. आपण आणलेल्या पुड्याचा उपयोग इथे होईल.

प्रश्न : माझ्या मेहुण्यांचे विजापूर रस्त्यावर फराळाचे दुकान आहे. तिथले पुन्हा पुन्हा वापरलेले काळे तेल साबणाला चालेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : साबण होईल, पण काळपट आणि उग्र वासाचा होईल. तेल इतके काळे होईपर्यंत त्यात तळणे हीच खरी अडचण आहे : एकूण ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साचत जाणारे बिघाडाचे पदार्थ, 25 टक्क्यांवर गेलेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही, असा नियम 2018 पासून लागू आहे. दिवसाला 50 लिटरपेक्षा अधिक तेल तळणीसाठी वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याची नोंद ठेवावी लागते आणि उरलेले तेल अधिकृत संकलकाकडे द्यावे लागते. त्यापासून जैवइंधन तयार होते. आपल्या मेहुण्यांचा वापर त्याहून कमी असला, तरी डबेच्या डबे साबणात घालण्यापेक्षा संकलकाला देणे मला सोयीचे वाटते. घरी प्रयोग करायचाच असेल, तर एक-दोन तळण्यांनंतरचे, अजून पारदर्शक असलेले तेल मागून घ्यावे.