मुरूम विरघळवणारं औषध नसतं

प्रश्न: माळाची दोन एकर जमीन जेसीबीने फोडली आहे, डाळिंब लावायचं आहे. दुकानदार म्हणतो, एकरी 5 लिटर द्रावण ठिबकातून सोडा, मुरूम विरघळून एका हंगामात माती होईल. त्याने ढेकळावर थेंब टाकून फेस काढून दाखवला. सोडू का?

उत्तर: सोडू नका. तो फेस दगडाचा नाही, मुरमातल्या चुन्याचा आहे. द्रावणातलं आम्ल चुन्यावर पडलं की फसफसतं आणि तिथेच संपतं. एकराच्या वरच्या सहा इंच थरात साधारण 9 लाख किलो माती असते. त्यात 10 टक्के चुना धरला तर 90 टन होतो, आणि तो मारायला जवळजवळ तेवढंच गंधकाम्ल लागेल. तिथे 5 लिटरचा कॅन काय करणार? "मग दुप्पट सोडा" असंही तो सांगेल. दुप्पट सोडलंत तर ड्रिपरखालची पांढरी मुळी जळेल, मुरूम आहे तसाच राहील. हे नुकसान मी अनेक बागांत पाहिलंय.

मुरमाची माती खरी कशी होते ते जेसीबीने काढलेल्या तुमच्याच चराच्या कडेला बघा. गोल धोंड्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे दिसतील. बाहेरचा बोटांनी चुरगळतो, आतल्या गाभ्यावर पहार ठण्ण वाजते. पावसाचं पाणी हवेतला आणि मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, भेगांतून शिरतं आणि काळ्या पाषाणातली खनिजं कुजवत त्यांची चिकणमाती करतं. लोह गंजून मुरूम तांबूस होतो, सुटलेला चुना कमी पावसाच्या भागात खड्यांच्या रूपाने साठतो. या कामाला हजारो वर्षं लागतात.

आणि डाळिंबाला मुरूम चालतो, निचरा होतो म्हणूनच चालतो. खड्डे तळ्याच्या गाळाने गच्च भरू नका, पाणी साचून मर रोग येतो. थोडा गाळ शेणखतात मिसळून चालेल; त्यासाठी 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे, चौकशी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) करा.

खरा उपाय तागाचं हिरवळीचं खत. पहिल्या पावसावर दाट पेरा, फुलोऱ्याला येताच, 45-50 दिवसांत गाडा. उशीर केलात तर खोड लाकडासारखं होतं आणि कुजत नाही. दोन पावसाळे हेच करा, उताराला आडवे बांध घाला, नाहीतर झालेली माती ओढ्याला जाईल. खड्डे उन्हाळ्यात काढून तापू द्या. ओल्यात जेसीबी घालू नका, घालूच नका.

आधी फूटफूटभर थराचे वेगळे नमुने देऊन मुक्त चुना तपासा. अहवाल हातात येईपर्यंत रोपांचं बुकिंग करू नका.