आफ्रिकेची काजू बी मागवण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वेंगुर्ल्याच्या कारखान्याला दिवाळीनंतर बी पुरत नाही म्हणून ती थेट आफ्रिकेतून आणायची, हा तुझा बेत चुकीचा नाही. टांझानिया आणि मोझांबिकचा हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे आपल्याकडच्या बीची तूट असते नेमका तेव्हाच. पण तू पाठवलेल्या तक्त्यात नुसता टनाचा भाव आहे. त्याला आणखी दोन रकाने जोड: एक आउटटर्नचा, दुसरा तिथल्या सरकारने यंदा काय ठरवलंय याचा. हा दुसरा रकाना नवखे लोक कोरा ठेवतात.

आउटटर्न म्हणजे 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल. एक किलो नमुना कापायचा, चांगला गर सालीसकट तोलायचा, डागी आणि अपक्व गराचं वजन निम्मं धरायचं. समज, चांगला 255 ग्रॅम निघाला आणि डागी 34, तर धरायचे 272. त्याला 80 ने गुणून 453.6 ने भागलं की 48 पौंड येतात. वीस फुटी कंटेनरात साधारण 200 पोती बसतात. पोत्यामागे एकच पौंड कमी निघाला तरी सुमारे 90 किलो गर गेला. बीची ओल 10 टक्क्यांच्या आत हवी. समुद्रावर कंटेनरच्या छताला दव धरतं आणि वरची पोती बुरसतात, म्हणून आतून क्राफ्ट कागद आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या करारातच लिहून घे. नमुना पाठवणीच्या बंदरावर कापला म्हणून समाधान मानू नकोस. अंतिम वजन आणि आउटटर्न उतरण्याच्या बंदरावरचं धरायचं.

आता सरकारचा रकाना. टांझानियात 2007 पासून गोदाम-पावतीची पद्धत आहे. शेतकरी बी प्राथमिक सहकारी संस्थेकडे देतो, माल गोदामात जातो, लिलाव होतो. लिलावाचा भाव जाहीर असतो, आणि तुझ्या दृष्टीने हीच मोठी सोय आहे. तो शिलिंगमधला भाव घे, त्यात निर्यात कर, वाहतूक, बंदरखर्च मिळव. विक्रेत्याचा भाव या बेरजेपेक्षा खाली असेल तर त्याच्याकडे माल नाही, किंवा आहे तो जुना आहे.

ही घडीही मोडते, हे मात्र विसरू नकोस. 2018 च्या हंगामात बोल्या पडल्या, शेतकऱ्यांनी त्या भावाला विकायला नकार दिला. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी किलोला 3,300 शिलिंग भाव ठरवून खरेदी सरकारकडे घेतली आणि माल उचलायला लष्कर लावलं. खासगी व्यापारी एका दिवसात बाजूला पडला. त्याआधी त्याच वर्षी निर्यात कराच्या पैशातला काजू क्षेत्राचा वाटा सरकारी तिजोरीत वळवण्यावरून संसदेत खडाजंगी झाली होती. बातमीत सैनिक दिसले, पण हंगाम बिघडणार याची चाहूल त्या वादातच होती. म्हणून तिथल्या अर्थसंकल्पावर जूनपासून लक्ष ठेव.

पश्चिम आफ्रिकेत रीत वेगळी. आयव्हरी कोस्टमध्ये सरकारी परिषद हंगामाआधी किमान भाव जाहीर करते: 2024 ला किलोला 275 सीएफए फ्रँक, 2025 ला 425. हा भाव बाजाराच्या वर गेला की व्यापारी हात आखडतो किंवा चोरून कमी देतो. खाली राहिला की बी रातोरात सीमेपलीकडे जाते. फ्रँक युरोला 655.957 या दराने बांधलेला आहे, तुझा करार मात्र डॉलरमध्ये. युरो चढला की विक्रेत्याची कमाई आटते, आणि मग मालाची प्रत घसरते. 2024 मध्ये भाव चढल्यावर तिकडच्या कित्येकांनी जुने करार पाळले नाहीत. व्हिएतनामच्या कारखानदारांना त्याची झळ बसली.

तिकडच्याच बेनिन देशाने तर 1 एप्रिल 2024 पासून कच्च्या बीची निर्यातच बंद केली. यावर आपल्याकडे कोणी ‘तिथे कायद्याचा भरवसा नाही’ म्हणालं तर होकार देऊ नकोस. मोझांबिकने 1990 च्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहाने निर्यात कर उतरवला, बी भारतात येऊ लागली, तिथले कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. शेवटी 1999 मध्ये तिथल्या संसदेने कर पुन्हा 18 ते 22 टक्क्यांवर नेला. बी सोलण्याची जी मजुरी वेंगुर्ल्यात मिळते, तीच त्यांना त्यांच्या गावात हवी आहे. ही बंदी तुझ्यासारख्या गिऱ्हाइकाला रोखण्यासाठीच आहे, आणि ती आणखी देशांत येईल असं धरूनच पाच वर्षांचा हिशेब मांड.

सीमाशुल्काचं एक राहिलं. अतिअविकसित देशांच्या मालाला भारत 2008 पासून सवलत देतो. त्यात टांझानिया, गिनी-बिसाऊ येतात. आयव्हरी कोस्ट आणि घाना येत नाहीत. त्यामुळे आयव्हरी कोस्टची बी शेजारच्या देशाच्या उत्पत्ती-दाखल्यावर (माल कुठे पिकला याचा दाखला) विकायचा मोह होतो. आपल्या सीमाशुल्काच्या 2020 च्या नियमांनंतर दाखल्यामागची माहिती बाळगण्याची जबाबदारी आयातदाराची, म्हणजे तुझी. गाव, गोदाम, लिलावाची पावती यांच्या प्रती आधी माग. आगाऊ रक्कम मागणाऱ्याला नाही म्हण. पत-पत्र, म्हणजे कागदपत्रं बरोबर आली तरच बँकेने पैसे द्यायची हमी, उघड, आणि त्यात तपासणी कंपनीचा दाखला अट म्हणून घाल. निर्यातबंदी किंवा नवा कर आला तर भार कोणाचा, हे कलम करारात नसेल तर सही करू नकोस.

पहिल्या वर्षी दोनच कंटेनर, तेही टांझानियाचे. मसुदा आला की पाठव, आउटटर्न कमी आला तर भावात किती कपात, हे कलम आधी बघू.