मासेमारीच्या स्पिनिंग रीलवर दोरी सारखी पिळवटून गुंता होतो. रील बदलावी का?

लगेच बदलू नका. बहुतेक वेळा दोष रीलचा नसतो, स्पूल (दोरी ज्यावर गुंडाळली जाते तो भाग) काठोकाठ भरलेला असतो. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर फेकताना वेटोळी एकदम सुटतात. फेकून झाल्यावर बेल (दोरी स्पूलवर वळवणारी तारेची कमान) हाताने बंद करा आणि दोरी किंचित ताणून मगच हँडल फिरवा, म्हणजे सैल वेटोळं आत अडकत नाही.

पिळाचं मोठं कारण मात्र वेगळंच आहे. मासा दोरी ओढत असताना, ड्रॅग (ताण वाढला की दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक) सुटत असताना आपण हँडल फिरवत राहतो. ५:१ गियरच्या, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोरी पाच वेढे गुंडाळणाऱ्या रीलवर अशा प्रत्येक फेऱ्याला दोरीला पाच पीळ बसतात! त्या वेळी हात थांबवायचा, मासा थांबला की रॉड उचलायचा आणि खाली आणताना गुंडाळायचं. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा, आणि तो हाताच्या अंदाजाने नाही, ताणकाट्याने मोजून. गोल फिरणारं आमिष असेल तर स्विव्हल (पीळ दोरीत जाऊ न देणारी फिरती कडी) हवाच.

आधीच पीळ बसलाय? चालत्या बोटीमागे आमिष-गळ काढून नुसती दोरी सोडा, बराचसा पीळ उलगडतो. दोरी जुनी, कडक झाली असेल तर मात्र सरळ नवी भरा.