विमानात इमर्जन्सी आली की केबिन क्रू इतके शांत कसे राहतात? त्यांना भीती वाटत नाही का?

वाटते हो. पण तोवर हातांना काम लागलेलं असतं, त्यामुळे भीतीचा नंबर उशिरा लागतो. मी बरीच वर्षं केबिन क्रूमध्ये होते, आता ऑफिसात बसते, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी आम्ही दाराजवळच्या जंप सीटवर पट्टे आवळून, हात मांडीखाली घालून बसतो. चेहरा कोरा. बघणाऱ्याला वाटतं, बिचारी दमली असेल. दमलेली असतेच, पण डोक्यात उजळणी चालू असते. या विमानाच्या दाराचं हँडल कसं फिरतं? माझ्या बाजूला आग दिसली तर लोकांना कुठे वळवायचं? जवळच्या रांगांत धडधाकट कोण आहे, कुणाच्या कडेवर बाळ आहे? याला आमच्याकडे ‘सायलेंट रिव्ह्यू’ म्हणतात. तो दर उड्डाणाला करायचा, कंटाळा आला तरी.

बाकीचं ट्रेनिंगमध्ये अंगात भिनवतात. खोट्या केबिनमध्ये धूर सोडून दिवे घालवतात. दार उघडण्याआधी त्याच्या छोट्या खिडकीतून बाहेर बघायचं: आग आहे का, पाणी आहे का, काही आडवं पडलंय का. स्लाइड, म्हणजे बाहेर पडायची फुगणारी घसरगुंडी, आपोआप फुगते, तरी तिचं हँडल हाताने ओढायचंच. दुसऱ्या हाताने दाराशेजारची मूठ घट्ट धरून कडेला चिकटून उभं राहायचं, नाहीतर मागून येणारा लोंढा आधी आपल्यालाच बाहेर ढकलतो. आणि हे सगळं करताना ओरडायचं. गंमत म्हणजे बहुतेक मुलींना हेच सर्वांत अवघड जातं. जन्मभर ‘हळू बोल’ ऐकलेलं असतं, घशातून आवाजच निघत नाही. इन्स्ट्रक्टर घसा बसेपर्यंत ओरडायला लावतात.

याचा उपयोग काय, ते 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर दिसलं. जपान एअरलाइन्सचं ए350 धावपट्टीवर उतरताना तिथे उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले. मोठ्या विमानात 379 माणसं होती, मागे आग लागलेली, केबिनमध्ये धूर, अनाउन्समेंटची यंत्रणा बंद. क्रूने मेगाफोन आणि स्वतःचा घसा वापरला. आठपैकी तीनच दारं वापरण्याजोगी होती. त्यातलं मागचं डावं दार तिथल्या क्रूने स्वतःच्या निर्णयाने उघडलं, कारण कॉकपिटशी संपर्कच होत नव्हता. उतरल्यापासून सुमारे 18 मिनिटांत सगळे बाहेर, शेवटी कॅप्टन. नंतर विमान जळून खाक झालं.

मला यात ते मागचं दार सगळ्यांत मोठं वाटतं. एरवी आमचं काम हुकुमाचं, कॅप्टनने सांगितल्याशिवाय प्रवाशांना खाली उतरवायचं नाही. पण हुकूम पोचतच नसेल आणि आग डोळ्यांसमोर असेल, तर दारावरच्या माणसाने ठरवायचं. याची उलटी बाजू म्हणजे 1980 मधलं सौदियाचं विमान. मागे आग लागल्यावर ते रियाधला सुखरूप उतरलं, थांबलंही, पण बाहेर पडण्याचा हुकूम वेळेत झाला नाही आणि आतले सगळेच्या सगळे, 301 जण, गेले. ‘वरिष्ठांना कसं विचारायचं’ ही भीड विमानात जीवघेणी ठरते, म्हणून आता पायलट आणि क्रूला एकमेकांना टोकायचंही ट्रेनिंग देतात.

पायलट गप्प का असतात, असंही लोक विचारतात. कारण त्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी विमान सांभाळायचं, मग कुठे जायचं ते ठरवायचं, बोलणं शेवटी. एक जण विमान उडवतो, दुसरा चेकलिस्ट वाचतो. मग आमच्या प्रमुखाला इंटरकॉमवर चार गोष्टी सांगतात: काय झालंय, काय करणार आहोत, किती वेळ आहे, काही खास सूचना. ती त्या जशाच्या तशा परत म्हणून दाखवते. तुमच्यापर्यंत बातमी येते ती त्यानंतर.

केबिनमधला हवेचा दाब गेला तर मास्क खाली येतात आणि विमान झपाट्याने 10,000 फुटांकडे उतरायला लागतं. आत बसलेल्याला वाटतं, पडलो. खरं तर तो पायलटने मुद्दाम घेतलेला डाइव्ह असतो. तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो, आणि मास्कमधला ऑक्सिजन साधारण 12 ते 15 मिनिटंच पुरतो. अशा वेळी तुमच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर बसून मी आधी स्वतःचा मास्क लावला, तर रागावू नका. 35,000 फुटांवर शुद्ध जेमतेम अर्धा-एक मिनिट टिकते, आणि बेशुद्ध पडलेली एअर होस्टेस कुणाच्या कामाची?

सगळ्यांत जास्त धास्ती मात्र बॅगांची. हानेदात बहुतेकांनी सामान तसंच सोडलं म्हणून वाट मोकळी राहिली. आपल्याकडे विमान नुसतं गेटवर थांबलं तरी अर्धी रांग वरचे कप्पे उघडून उभी. आणि लँडिंगच्या आधी खिडकीचं शटर वर करायला सांगितलं की ‘मॅडम, ऊन येतंय’. येऊ दे ना! बाहेर आग लागली तर ती आम्हाला त्याच खिडकीतून दिसणार आहे.