फोन ठणठणीत, मग नवं व्हर्जन का नाही?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझा अँड्रॉइड फोन पाच वर्षांचा झाला. काचेवर साधा ओरखडा नाही, बॅटरी मागच्या वर्षी नवी बसवून घेतली, फोटो अजूनही स्वच्छ येतात. भाचीकडे त्याच कंपनीचा, पण नंतर बाजारात आलेला फोन आहे. तिला अँड्रॉइडचं नवं व्हर्जन मिळालं, मला नाही. अपडेट शोधायला गेलं की पडद्यावर येतं, ‘तुमची सिस्टिम अद्ययावत आहे.’ अद्ययावत आहे, तर जे भाचीकडे आहे ते माझ्याकडे का नाही? कंपन्या हे मुद्दाम करतात का? आणि मी आता फोन बदलायचा का?

उत्तर : बाई, आधी त्या वाक्याबद्दल बोलते, कारण ते वाचून माझीही चिडचिड होते. ‘तुमची सिस्टिम अद्ययावत आहे’ याचा अर्थ एवढाच, की तुमच्या मॉडेलसाठी कंपनीच्या सर्व्हरवर यापुढचं काही ठेवलेलं नाही. त्या मॉडेलचं काम कधीच थांबलेलं असलं तरी वाक्य तेच दिसू शकतं. ‘या मॉडेलला आता अपडेट येणार नाहीत, शेवटचं अमुक तारखेला आलं’ असं लिहायला कसलीही तांत्रिक अडचण नाही. ते लिहिलं जात नाही, आणि फोन सुरक्षित आहे अशा समजुतीत माणसं वर्षानुवर्षं तो वापरत राहतात. हे मला गैर वाटतं.

म्हणून सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ उघडा आणि अँड्रॉइड व्हर्जनवर बोट ठेवा. तिथे सिक्युरिटी अपडेटची तारीख सापडेल. व्हर्जनचा आकडा क्षणभर बाजूला ठेवा, ही तारीख कागदावर लिहून घ्या. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यावर ठरणार आहे.

आता ‘का नाही’ याकडे येते. मी काही वर्षं एका फोन कंपनीच्या सॉफ्टवेअर चाचणी विभागात काम केलं आहे, त्यामुळे हा सगळा प्रवास जवळून पाहिला आहे. गूगल नवं अँड्रॉइड प्रसिद्ध करतं, ते जसंच्या तसं तुमच्या फोनवर चालत नाही. फोनच्या पोटात क्वालकॉमचा, मीडियाटेकचा किंवा आणखी कुणाचा चिपसेट, म्हणजे मुख्य चिप, असतो. मोडेम (नेटवर्कशी जोडणारा भाग), ग्राफिक्स, कॅमेरा, ब्लूटूथ यांच्याशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, प्रामुख्याने चिप कंपनीकडून येतात, आणि त्यातले बरेच मूळ कोड न देता नुसते वापरायला दिलेले असतात. नव्या अँड्रॉइडला नवे ड्रायव्हर लागले आणि चिप कंपनीने ते केलेच नाहीत, तर फोन कंपनीचे हात बांधले जातात. २०१३ साली हे ठळकपणे दिसलं. गूगल आणि सॅमसंगने मिळून आणलेला गॅलॅक्सी नेक्सस तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता, पण त्याला अँड्रॉइड ४.४ मिळालं नाही. गूगलने १८ महिन्यांच्या मुदतीचं कारण दिलं. त्या फोनमधली चिप मात्र टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची होती, आणि ही कंपनी २०१२ मध्येच मोबाइल चिपच्या धंद्यातून बाहेर पडली होती.

ड्रायव्हर मिळाले तरी काम संपत नाही, खरं तर तिथून ते सुरू होतं. आमच्या चाचणीच्या टेबलावर एकाच मॉडेलचे, वेगवेगळ्या देशांसाठी बनवलेले फोन ओळीने मांडलेले असायचे. प्रत्येकावर कॉल लागतो का, सिम नसताना आपत्कालीन क्रमांक लागतो का, रात्रभर नुसता ठेवला तर बॅटरी किती उतरते, अंधारात काढलेला फोटो जुन्या व्हर्जनपेक्षा वाईट तर येत नाही ना, हे सगळं तपासायचं. मग जुन्या मॉडेलसाठी माणसं द्यायची की येऊ घातलेल्या मॉडेलसाठी, हा विषय बैठकीत निघायचा आणि निकाल काय लागणार हे आम्हाला आधीच ठाऊक असायचं. जुन्या फोनचे पैसे कंपनीला एकदाच, विक्रीच्या वेळी मिळालेले असतात. त्यानंतरचं प्रत्येक अपडेट म्हणजे नुसता खर्च.

तुमचा फोन मुद्दाम निकामी करायचा असा कट मी कधी पाहिला नाही. पण ‘हार्डवेअर पुरेसं नाही’ हे कारण जितक्या वेळा पुढे केलं जातं, तितक्या वेळा ते खरं नसतं, हेही ठामपणे सांगते. नेदरलँड्समधल्या फेअरफोन या छोट्या कंपनीचं उदाहरण घ्या. तिच्या २०१५ च्या फेअरफोन २ मधल्या चिपला क्वालकॉमने अँड्रॉइड ६ च्या पुढे साथ दिली नाही. फेअरफोनने तरीही काम सोडलं नाही. २०२१ मध्ये त्या फोनवर अँड्रॉइड ९ आणलं आणि २०२३ पर्यंत त्याला अपडेट पुरवले. चिप तीच होती. काम करायचं असं कुणीतरी ठरवलं, एवढाच फरक.

काही वेळा हार्डवेअरची भिंत खरी असते, हे मान्य करायला हवं. २०१२ च्या आयफोन ५ मधला प्रोसेसर ३२ बिटचा होता आणि २०१७ चं आयओएस ११ फक्त ६४ बिटसाठी बनलं, तिथे इलाज नव्हता. आणि नवं व्हर्जन मिळणं हे दरवेळी भाग्याचंच असतं असंही नाही. २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोचा दंड केला. जुन्या फोनना न झेपणारे अपडेट ग्राहकांच्या गळ्यात मारले आणि त्याने फोन मंदावले, असा ठपका होता. त्यामुळे प्रत्येक जुन्या फोनला प्रत्येक नवं व्हर्जन मिळालंच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. आग्रह आहे तो सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा. २०१३ चा आयफोन ५एस आयओएस १२ वर थांबला, पुढचं व्हर्जन त्याला कधीच मिळालं नाही. पण जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे नऊ वर्षं उलटून गेल्यावर, एक गंभीर भोक बुजवण्यासाठी त्याला आयओएस १२.५.७ देण्यात आलं. व्हर्जन गोठलेलं, पण पहारा चालू. सगळ्या कंपन्यांकडून किमान एवढं तरी मिळावं, हे मागणं मला अजिबात अवाजवी वाटत नाही.

तेव्हा बाई, तुम्ही लिहून घेतलेली तारीख गेल्या तीन-चार महिन्यांतली असेल तर फोन मुळीच बदलू नका. भाचीच्या फोनवरचे नवे रंग आणि नवी बटणं नसल्याने तुमचं काही अडत नाही. तारीख वर्षाहून जुनी असेल तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : माझ्या फोनवरच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे. बँकेचं ॲप मात्र अजून व्यवस्थित चालतं. मित्र म्हणतो, चांगलं अँटिव्हायरस टाक, काही होत नाही. त्याचं ऐकू का?

उत्तर : नका ऐकू. अँटिव्हायरस हेही फोनवरचं एक ॲपच असतं. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला त्याच्या कुंपणात ठेवतं, त्यामुळे ते फार तर तुम्ही टाकलेली दुसरी ॲप संशयास्पद आहेत का ते बघतं. कुंपणाखालची जमीन, म्हणजे कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि ड्रायव्हर, त्याला दुरुस्त करता येत नाही.

जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमधल्या स्टेजफ्राइट नावाच्या त्रुटी उघड झाल्या. नुसत्या एका मल्टिमीडिया संदेशातून हल्लेखोराला फोनमध्ये शिरता येण्याची शक्यता होती. त्यानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गूगलने दर महिन्याला सुरक्षा पत्रक काढायला सुरुवात केली. त्यात कुठे कुठे भोकं सापडली आणि बुजवली ते जाहीर होतं. हे चांगलंच झालं, पण ज्या फोनला दुरुस्ती मिळतच नाही त्याच्यासाठी याची दुसरी बाजू भयंकर आहे. त्याच्या उघड्या भोकांची यादी दर महिन्याला जगासमोर येते. २०१७ मध्ये ब्लूबोर्न या नावाने ब्लूटूथमधल्या त्रुटी बाहेर आल्या, तेव्हा ब्लूटूथ नुसतं चालू असणंही धोक्याचं होतं. वापरणाऱ्याने कुठे बोट लावायचीही गरज नव्हती.

थोडा दिलासाही आहे. क्रोम आणि ॲपच्या आत वेबपानं दाखवणारं वेबव्ह्यू यांचे अपडेट प्ले स्टोअरमधून वेगळे येतात. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून सिस्टिमचे काही भागही प्रोजेक्ट मेनलाइनमार्फत गूगलकडून थेट येतात, फोन कंपनीची वाट बघावी लागत नाही. पण हाही धागा कधीतरी तुटतो. २०२३ च्या अखेरीस क्रोमने अँड्रॉइड ७ सोडलं, २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ सोडलं. तुमचा फोन या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते आधी बघा. पलीकडे, म्हणजे क्रोमने सोडलेल्या व्हर्जनवर, असेल तर इंटरनेटवरच्या अनोळखी पानांवर तो वापरू नका.

बँकेचं ॲप चालतं म्हणजे फोन सुरक्षित आहे असं होत नाही. ॲप आपल्यापुरती काही तपासणी करतं, फोनच्या कर्नलची हमी ते देत नाही. पैशांचे व्यवहार, मुख्य ईमेल आणि ओटीपी येणारं सिम, हे तिन्ही या फोनवरून हलवा. ईमेल विशेष करून. बाकी सगळे पासवर्ड बदलण्याची वाट त्याच खात्यातून जाते. हे हलवल्यावर फोन गाणी ऐकायला, घड्याळाचा गजर लावायला, पुस्तकं वाचायला, घरातला कॅमेरा म्हणून खुशाल वापरा. ब्लूटूथ लागेल तेव्हाच चालू करा.

प्रश्न : कंपनीने सोडून दिलेल्या फोनवर लिनिएजओएस टाकलं तर सगळा प्रश्न सुटतो का?

उत्तर : अर्धा सुटतो. लिनिएजओएस म्हणजे कंपनीच्या सिस्टिमऐवजी फोनवर टाकता येणारं, अँड्रॉइडवरच बेतलेलं सॉफ्टवेअर. ते २०१६ च्या अखेरीस सायनोजेनमॉड हे तसंच आधीचं सॉफ्टवेअर बंद पडल्यावर त्याच्या पोटातून निघालं आणि स्वयंसेवकांच्या कष्टावर चालतं. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आधी बघा, तुमचं नेमकं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का. नावात एखादं अक्षर वेगळं असलं तरी फोन वेगळा असू शकतो. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणारा कुलूपबंद प्रोग्रॅम, उघडावा लागतो. तो उघडताना फोनमधली सगळी माहिती पुसली जाते, आणि काही कंपन्या तो उघडूच देत नाहीत. नंतर बँकेची काही ॲप चालायला नकार देतात. आणि मोडेमच्या आतलं बंद सॉफ्टवेअर चिप कंपनीशिवाय कुणालाच दुरुस्त करता येत नाही, ते जुनंच राहतं. दुसरा फोन हाताशी असेल आणि शिकायची हौस असेल तर जरूर करा. एकुलत्या एका फोनवर नको.

प्रश्न : नवा फोन घेतेय. जाहिरातीत ‘सात वर्षं अपडेट’ लिहिलं आहे. विश्वास ठेवू का?

उत्तर : ठेवा, पण सात वर्षं कधीपासून मोजली आहेत ते बघून. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ बरोबर गूगलने आणि जानेवारी २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस२४ बरोबर सॅमसंगने सात वर्षांचं वचन दिलं. पिक्सेल ८ ची मुदत ऑक्टोबर २०३० पर्यंत आहे. म्हणजे घड्याळ फोन बाजारात आल्या दिवसापासून सुरू होतं, तुम्ही खोका उघडल्यापासून नाही. तोच फोन तीन वर्षांनी सवलतीत घेतला तर हातात चारच वर्षं उरतात. त्याच कंपनीच्या स्वस्त मॉडेलना अनेकदा इतकी मुदत नसते, तेव्हा कंपनीचं नाव बघून ठरवू नका, मॉडेलचं पान उघडा. नवी व्हर्जन किती वर्षं आणि सुरक्षा किती वर्षं, हे दोन आकडे तिथे वेगळे शोधा. सापडले नाहीत तर तो फोन घेऊ नका.

चिपच्या बाजूनेही आता हालचाल आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वालकॉम आणि गूगलने स्नॅपड्रॅगन ८ एलिट चिपपासून सलग आठ वर्षं अपडेटची सोय करण्याचं जाहीर केलं. अर्थात, चिप कंपनी तयार असली तरी ते अपडेट तुमच्यापर्यंत पोचवायचे की नाही, हे फोन कंपनीच ठरवणार.

कायदाही हळूहळू जागा होतोय. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे उत्पादकाने जाहीर करणं बंधनकारक आहे. युरोपीय संघाचा नियम २० जून २०२५ पासून लागू झाला, त्यातली अपडेटची किमान पाच वर्षं मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर मोजली जातात. मला हीच पद्धत योग्य वाटते, कारण उशिरा फोन घेणारा, म्हणजे बहुधा बेताच्या पैशांत भागवणारा माणूस, तिच्यात मागे राहत नाही. जिथे असा नियम नाही तिथे फोन घेण्याआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी विचारा, ‘या मॉडेलला शेवटचं सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी मिळेल?’ आणि आलेलं उत्तर बिलासोबत जपून ठेवा.