मुरुमांचे डाग, फाउंडेशन आणि मुलाखतीची तारीख

समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुण मुलांपैकी बरेच जण एक प्रश्न शेवटपर्यंत राखून ठेवतात आणि उठता उठता, आवाज खाली आणून विचारतात. चेहऱ्यावर मुरुमांचे डाग राहिले आहेत, ते झाकण्यासाठी मुलाने फाउंडेशन लावले तर चालेल का, आणि लावायचे ठरवले तर ते लावले आहे हे कोणाला कळू नये यासाठी काय करावे? या प्रश्नाला नुसता धीर देऊन भागत नाही. 'दिसण्याकडे लक्ष देऊ नकोस' हे वाक्य या मुलांनी घरी पुष्कळदा ऐकलेले असते आणि त्याचा त्यांना काडीइतकाही उपयोग झालेला नसतो. म्हणून ज्याच्यासोबत या प्रश्नाचा धागा मला शेवटपर्यंत धरता आला, अशा एका विद्यार्थ्याची हकिगत येथे लिहीत आहे. त्याची ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

हा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता, मूळचा कोल्हापूरकडचा, शिक्षणासाठी पुण्यात वसतिगृहात राहणारा. दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर तपकिरी डाग, काही ठिकाणी लालसर ठिपके आणि उजव्या गालावर थोडे खड्डे. नोकरीच्या मुलाखती तोंडावर आल्या होत्या. बहिणीचे फाउंडेशन त्याने सुट्टीत घरून आणले होते आणि एका सकाळी ते पूर्ण चेहऱ्याला लावून तो वर्गात गेला होता. बहीण त्याच्यापेक्षा उजळ असल्यामुळे त्याचा चेहरा राखाडी पांढरट आणि मान सावळी दिसू लागली, ट्यूबलाइटखाली हा फरक आणखी उठून दिसला आणि मागच्या बाकावरून जे शेरे आले ते त्याने मला शब्दशः सांगितले. त्यानंतर त्याने मेसमध्ये जेवायला जाणे सोडले आणि डबा खोलीवर मागवू लागला. माझ्याकडे तो आला तो या डब्यामुळे, कारण त्याच्या खोलीतल्या मित्राला काळजी वाटली होती.

पहिल्या भेटीत बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. औषधांच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय घेतलेले एक मलम तो काही महिने रोज लावत होता. सुरुवातीला चेहरा नितळ झाला, पुढे मलम थांबवले की आग आणि लाली, आणि पुन्हा लावले की आराम, असे चक्र सुरू झाले होते. त्या नळीवर स्टेरॉइडचे नाव होते. अशी मलमे चेहऱ्यावर मनाने वापरल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मुरूम उलट वाढतात. त्वचारोगतज्ज्ञांनी पुष्कळ काळ पाठपुरावा केल्यानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत असा नियम केला, तरी गल्लीतल्या दुकानात ती सहज मिळतात हे मी वारंवार पाहते आणि दर वेळी मला त्याचा संताप येतो. फाउंडेशनचा विषय मी तिथेच थांबवला आणि त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. मलम कसे सोडवायचे हे त्यांनी ठरवले, मुरुमांवरचे उपचार सुरू झाले, आणि चेहऱ्यावर हलके प्रसाधन वापरण्यास हरकत नाही हे त्यांच्याकडून कळल्यावरच आम्ही त्या प्रश्नाकडे परत आलो.

डाग कशाचे आहेत हे वेगळे करून पाहणे ही त्यातली पहिली पायरी होती. तपकिरी डाग म्हणजे सूज ओसरल्यानंतर मागे उरलेले रंगद्रव्य. आपल्यासारख्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत ते जास्त उमटते, मुरूम फोडणाऱ्यांच्या त्वचेत अधिक काळ टिकते, आणि ऊन लागू दिले नाही तर बहुधा काही महिन्यांत फिके होत जाते. लालसर ठिपके हे रक्तवाहिन्यांचे असतात आणि तेही हळूहळू मावळतात. खड्ड्यांची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे त्वचेचा पोतच बदललेला असतो. फाउंडेशन रंग झाकते, खोली झाकू शकत नाही. खड्ड्यात ते साचले तर खड्डा अधिकच दिसतो. हे समजावून सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला, परंतु मला ते आधी सांगणे आवश्यक वाटले, कारण पूर्ण चेहरा गुळगुळीत होईल या आशेवर घेतलेली प्रत्येक बाटली त्याला अपुरीच वाटली असती. शिवाय डोक्यावरच्या दिव्याने खड्ड्यांत सावली पडते आणि समोरच्या खिडकीच्या उजेडात तेच खड्डे निम्म्याने दिसेनासे होतात. वसतिगृहातील न्हाणीघराच्या आरशावर टांगलेला दिवा त्याला रोज सकाळी त्याचा सर्वांत वाईट चेहरा दाखवत होता.

मी रंगभूषेची जाणकार नाही. म्हणून नाटकांसाठी रंगभूषा करणाऱ्या एका स्नेह्यांना मी त्याच्या संमतीने एका भेटीला बोलावले. त्यांनी जे सांगितले आणि करून दाखवले, ते असे प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक मुलाला उपयोगी पडेल.

रंगछटा निवडताना हाताच्या पाठीवर लावून पाहू नये. जबड्याच्या कडेला, मानेकडे उतरणारी छोटी रेघ ओढावी, दुकानाच्या पिवळ्या दिव्यातून बाहेर येऊन दिवसाच्या उजेडात पाहावी आणि किमान दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण काही फाउंडेशन हवा लागल्यावर गडद होतात. जी रेघ शोधावी लागते ती आपली छटा. गोरे दिसण्याच्या मोहाने एक छटा उजळ घेतली की मान आणि चेहरा वेगळे होतात, आणि बघणाऱ्याला नेमके तेच कळते. इतर कोणत्याही चुकीपेक्षा याच चुकीने मुले पकडली जातात असे त्यांचे मत होते. आपल्याकडच्या त्वचेत बहुधा पिवळसर किंवा सोनेरी झाक असते, त्यामुळे गुलाबी झाक असलेली छटा तिच्यावर वेगळी पडते. तेलकट त्वचेसाठी पातळ, तेलविरहित आणि रोमछिद्रे न बुजवणारे, म्हणजे वेष्टनावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' असे लिहिलेले उत्पादन घ्यावे. जड प्रसाधनांमुळेही मुरूम येतात, याचे वर्णन क्लिगमन आणि मिल्स या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९७२ मध्येच केले होते, तेव्हा झाकण्याच्या नादात नवे मुरूम ओढवून घेण्याची भीती निराधार नाही.

लावण्याच्या बाबतीत त्यांचा आग्रह एकच होता: पूर्ण चेहरा रंगवू नये. चेहरा धुऊन मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावावे, ते त्वचेत मुरेपर्यंत काही मिनिटे थांबावे. मग तपकिरी डागावर केशरी झाक असलेला करेक्टर (डागाचा रंग दबवणारे प्रसाधन) आणि लालसर डागावर हिरवट झाकेचा, अगदी टोकदार ब्रशने, डागापुरताच आणि नावापुरताच ठेवावा. त्यावर त्वचेच्याच छटेचा कन्सीलर (डाग झाकणारे दाट प्रसाधन) ठिपक्यासारखा ठेवून अनामिकेने फक्त त्याच्या कडा थोपटाव्यात. मध्यभाग चोळला तर सगळे निघून येते. तपकिरी डागावर उजळ कन्सीलर लावला की डाग राखाडी दिसू लागतो, हे त्यांनी त्याच्याच गालावर दाखवले. फाउंडेशनची गरज वाटलीच तर नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीवर एक-दोन थेंब, ओलसर पिळलेल्या स्पंजाने थोपटून, बाहेरच्या दिशेने विरत नेलेले. दाढी राखणाऱ्याने केसांच्या कडेपाशी थांबावे आणि केसांत अडकलेला अंश कोरड्या, स्वच्छ दातब्रशने काढावा. दाढी केल्यानंतर लगेच काही लावू नये, आग होते. पांढरी पावडर सावळ्या त्वचेवर पिठासारखी दिसते, म्हणून पावडर लावायचीच तर आपल्या छटेची, आणि फक्त कपाळ व नाक या तेलकट भागांवर. दिवसभरात घाम आला तर टिश्यूने टिपावा, वर आणखी थर देऊ नये. रात्री झोपण्यापूर्वी सगळे नीट उतरवावे, स्पंज साबणाने धुऊन पूर्ण वाळवावा आणि तो कोणालाही वापरायला देऊ नये.

रोजच्या वापरासाठी त्यांनी आणि त्वचारोगतज्ज्ञांनी, एकमेकांशी न बोलता, एकच गोष्ट सुचवली. आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन डागांचा रंग थोडा एकसारखा करते आणि ऊन व दृश्य प्रकाश या दोन्हींमुळे गडद होणाऱ्या डागांना आवर घालते. माझ्या दृष्टीने बहुतेक मुलांची गरज इथेच भागते.

दरम्यान वडिलांचा फोन आला. "मॅडम, पोरगं तोंडाला रंग फासून फिरायला लागलं तर गावात काय सांगायचं आम्ही?" बालगंधर्वांपासून आजच्या वृत्तनिवेदकांपर्यंत किती पुरुषांनी चेहऱ्याला रंग लावला हे मी सांगू शकले असते, परंतु त्या गृहस्थांना रंगभूमीचा इतिहास नको होता. मुलाची थट्टा होईल ही त्यांची भीती होती, आणि ती थट्टा तर आधीच झाली होती. मी त्यांना मुलाच्या संमतीने तेवढेच सांगितले, आणि तो मेसमध्ये जेवत नाही हेही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी डॉक्टरांची फी किती लागेल ते विचारले. पुढच्या महिन्यात ते स्वतः त्याच्यासोबत दवाखान्यात गेले.

समुपदेशक म्हणून माझे खरे लक्ष मात्र दुसरीकडे होते. काही मुलांच्या बाबतीत डाग इतरांना जेमतेम दिसतात, पण आरशासमोर तासन्‌तास जातात, फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून तपासला जातो, घरच्यांना 'दिसतंय का' असे दिवसातून अनेकदा विचारले जाते आणि कोणत्याही उत्तराने समाधान होत नाही. हा स्वतःच्या रूपाविषयीचा एक मनोविकार असतो. त्यात फाउंडेशन जितके चांगले तितकी तपासणी वाढते, आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी लागते. वर्तनोपचार आणि औषधे या दोन्हींचा त्यात चांगला उपयोग होतो. जवळ कोणी नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लावता येतो. या मुलाचे तसे नव्हते. त्याचे डाग खरोखर दिसत होते, त्याची लाज एका ठराविक प्रसंगातून आलेली होती, आणि मेस सोडली तर त्याचे बाकीचे आयुष्य चालू होते.

म्हणून आम्ही एक व्यवस्था ठरवली. मुलाखत, लग्नकार्य, सादरीकरण अशा दिवशी त्याने हवे तर डाग झाकावेत. मेसमध्ये मात्र त्याने काहीही न लावता जावे, आधी गर्दी नसलेल्या वेळी आणि मित्रासोबत, नंतर नेहमीच्या वेळी. या दुसऱ्या अटीवर तो अडला. तिथेच तर शेरे मारणारे बसतात, असे तो म्हणाला. मी म्हटले की म्हणूनच तिथे, कारण झाकल्याशिवाय जेवायलाही बसता येत नाही असे एकदा मनाने घेतले, तर पुढे कन्सीलर संपला की घराबाहेर पडणे थांबेल. पहिल्या दिवशी एकाने काहीतरी म्हटलेच. मित्राने त्याला जागच्या जागी उत्तर दिले आणि जेवण पुरे झाले.

मुलाखतीच्या दिवशी त्याने हनुवटीवरचे आणि डाव्या गालावरचे मोजके डाग झाकले, उजव्या गालाला हात लावला नाही. त्यानंतरच्या भेटीत तो बराच वेळ बोलला ते डेटाबेसवरच्या एका प्रश्नाबद्दल, जो त्याला येत असूनही ऐनवेळी सुचला नव्हता. चेहऱ्याचा विषय मीच काढला, तेव्हा त्याने सांगितले की बहिणीने त्याच्या छटेची छोटी बाटली आणून दिली आहे, ती बॅगेत असते, आणि त्वचारोगतज्ज्ञांची पुढची तारीख गुरुवारची आहे. मग तो पुन्हा त्या प्रश्नाकडे वळला.